सोळा फेऱ्या शेवंडीच्या

काय दोस्तांनो, सहामाहीचे पेपर संपले ना? मागच्या आठवड्यात आपण विटीदांडू खेळून दमलो. आज जागेवरून न हलता खेळायच्या एका खेळाची गोष्ट सांगतो. हे वाचून तुमच्या आईच्या कपाळावर लगेच आठी चढली असेल, तर हे पान तिलाही वाचायला द्या. कोण जाणे, २००४ साली एखाद्या सायबर कॅफेत तुमचे आईबाबाच माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसलेले असतील!

खेळाचं नाव रूनस्केप. तलवारी, चेटूक, राक्षस, ड्रॅगन असं सगळं त्यात होतं. पण त्याहून मोठी गंमत म्हणजे पडद्यावर जी माणसं धावताना दिसायची, त्यांतली बरीचशी खरी माणसं होती. म्हणजे जगात कुठेतरी आपापल्या कॉम्प्युटरसमोर बसलेली मुलं, बरं का. आज तुम्हाला यात काही विशेष वाटणार नाही. तुम्ही तर फोनवर ब्राझीलच्या मुलाशी खेळता आणि मधेच जेवायला उठता. पण आमच्या कराडला तेव्हा एसटीडीवरून पुण्याच्या मामाशी बोलायचं, तरी आई समोरच्या मीटरवर डोळा ठेवून बोलायची.

मे २००४. माझी सातवी संपली होती. पुण्याहून मामेभाऊ सुट्टीला आला होता. आम्ही त्याला दादा म्हणायचो, आणि तो जे करेल ते आम्हाला करायचं असायचं. एका दुपारी तो मला एसटी स्टँडजवळच्या गल्लीत, झेरॉक्सच्या दुकानामागच्या खोलीत घेऊन गेला. पाच कॉम्प्युटर, तासाला वीस रुपये, अर्ध्या तासाला दहा. चपला बाहेर काढायच्या, कारण कॉम्प्युटरला धूळ चालत नाही असं नेटवाल्या काकांचं मत होतं. स्वतः काका मात्र आत बसून तंबाखू मळायचे.

आता हाच खेळ का? तर तेव्हाचे असले बाकीचे मोठे खेळ सीडी विकत घेऊन कॉम्प्युटरवर चढवावे लागत आणि वर महिन्याची वर्गणी असे. अल्टिमा ऑनलाइन १९९७ सालचा, एव्हरक्वेस्ट १९९९ चा. दोन्ही मी फक्त ऐकून होतो. सायबर कॅफेत काही चढवू दिलं तर काका कसले! रूनस्केपला मात्र काहीच चढवावं लागत नसे. वेबसाइट उघडायची, दोन मिनिटं एक पट्टी भरत जाताना बघायची, की झालं खेळ सुरू. केंब्रिज विद्यापीठात शिकणाऱ्या अँड्र्यू गोवर नावाच्या मुलाने, भावाला हाताशी धरून, इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅमला आईवडिलांच्या घरातून हा खेळ ४ जानेवारी २००१ रोजी जगापुढे ठेवला. पैसे भरणाऱ्यांसाठी जास्तीचा मुलूख होता, त्याला महिन्याला पाच डॉलर लागत. म्हणजे तेव्हाचे सव्वादोनशे रुपये, आणि शिवाय क्रेडिट कार्ड. आमच्या घरी रेशन कार्ड होतं. तेव्हा आम्ही फुकटातले.

(असल्या खेळांचा आजोबा त्याहून जुना आहे. १९७८ साली इंग्लंडच्याच एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ आणि रिचर्ड बार्टल या दोन विद्यार्थ्यांनी ‘मड’ नावाचा खेळ केला. त्यात चित्र एकही नाही, नुसती वाक्यं. ‘उत्तरेला जा’ असं टाइप केलं की उत्तरेला काय आहे ते वाचायला मिळायचं! पण ती गोष्ट पुन्हा कधीतरी.)

तर आधी नाव घ्यायचं, तेही बारा अक्षरांच्या आत. मी काय नाव घेतलं ते सांगणार नाही. हसाल. मग एका बेटावर थोडं शिक्षण, आणि तिथून थेट लंब्रिजच्या किल्ल्याच्या अंगणात. किल्ल्याच्या स्वयंपाकघरात एक आचारी तोंड पाडून उभा होता. ड्यूकचा वाढदिवस आलेला, केक करायचाय, आणि हे महाशय अंडं, दूध, पीठ आणायलाच विसरलेले. मला वाटलं, हाही कुणीतरी खरा मुलगाच. मी इंग्रजीच्या वहीतलं वाक्य आठवून टाइप केलं, ‘हॅलो, माय नेम इज अमुकतमुक, आय लिव्ह इन कराड.’ आचारी गप्प. मी पुन्हा लिहिलं. दादा इतका हसला की त्याच्या नाकातून चहा आला. तो आचारी म्हणजे नुसता प्रोग्रॅम होता हो!

पीठ आणणं हे तर अर्ध्या तासाचं काम. शेतातला गहू काढायचा, पवनचक्कीच्या अगदी वरच्या मजल्यावर चढून तो खापात ओतायचा, दांडा ओढायचा, मग सगळे जिने उतरून खाली येऊन मडक्यात पीठ भरायचं. आमच्याकडे दळणाचा डबा गिरणीत ठेवायला सांगितला की मी दहा सबबी सांगायचो. इथे दहा रुपये मोजून दळण दळत होतो! आजीला सांगितलं तेव्हा तिने एवढंच विचारलं, ‘दूध कुठनं आणलंस?’ गाईचं काढलं म्हटल्यावर तिचं समाधान झालं. किल्ल्याबाहेरच्या कुरणात बहुतेक नवे खेळाडू गाईंवरच तलवार चालवायला शिकायचे, कारण कातड्याला पैसे मिळत, हे मात्र मी तिला सांगितलं नाही. मी आपला कोंबड्यांवर भागवायचो.

असल्या फुटकळ कामांतून मी जे शिकलो ते शाळेत शिकलो नसतो असं म्हणणार नाही. शिकलो असतो, पण इतक्या लवकर नाही. तांब्याचा एक दगड आणि कथलाचा एक दगड भट्टीत घातला की कांस्याची पट्टी मिळे. कथील म्हटल्यावर मला काही कळेना. शेवटी आजीनेच सांगितलं, ‘अरे, कल्हईवाला भांड्याला लावतो ते!’ (खऱ्या कांस्यात तांबं कथलाच्या कितीतरी पट असतं. निम्मंनिम्मं हा खेळातला हिशेब.) लोखंडाचा दगड वितळवायला घातला तर दोनातला साधारण एक वाया जायचा. मासा भाजायला आधी झाड तोडायचं, चकमकीने लाकडं पेटवायची, आणि एवढं करून कोळंबी करपायची. करपलेल्या कोळंबीचं चित्र अजून डोळ्यांपुढे आहे. एवढंसं काळं.

प्रत्येक कामात पातळ्या असत, १ ते ९९. आता कागद-पेन्सिल घ्या. साधं झाड तोडलं की लाकडामागे २५ गुण. दुसऱ्या पातळीला ८३ गुण लागत, म्हणजे चार लाकडं. पाच मिनिटांत मी दुसऱ्या पातळीवर! मला वाटलं, याच हिशेबाने दिवाळीपर्यंत ९९ गाठू. दादाने एका कागदावर आकडा लिहून दिला, १,३०,३४,४३१. ९९ व्या पातळीला एवढे गुण. भागा २५ ने. ५,२१,३७८ लाकडं! पुढची खुबी तर पाहा. ९२ व्या पातळीला लागतात ६५,१७,२५३ गुण. म्हणजे बरोब्बर निम्म्याच्या जवळ. ९२ वर पोचलात की तुम्ही अर्ध्या वाटेवर आलात! दर सात पातळ्यांना आकडा जवळपास दुप्पट होतो. बुद्धिबळाच्या पटावर घराघराला दुप्पट तांदूळ मागणाऱ्याची गोष्ट तुम्ही ऐकलीच असेल, तीच ही जात. मी कुठल्याच कामात ९९ ला पोचलो नाही, हे आत्ताच सांगून टाकतो.

तर मूळ गोष्ट पुढेच आहे.

त्या जगात चोर फार. तलवारवाले नव्हेत, गोड बोलणारे. ‘मला पैसे द्या, दुप्पट करून देतो’ असं ओरडत बाजारात उभे असायचे. मी ५०० नाणी दिली. खरंच १००० परत आली! मग होती नव्हती ती सगळी ३००० दिली. तो माणूस अजून यायचाय. शेवटच्या क्षणी वस्तू बदलून फसवणारेही होते, म्हणून तर देवाणघेवाणीत ‘पाहा बरं, नक्की हेच देताय ना?’ असं विचारणारी दुसरी खिडकी घातलेली होती. आणि सगळ्यांत बेरकी प्रकार पुढचा.

ड्रेनॉर नावाचं गाव होतं. बँकेजवळ विलोची झाडं आणि समोर पाणी. त्या पावसाळ्यात मी रोज अर्धा तास तिथे जाळं टाकून बसायचो. एके दिवशी एक जण आला आणि त्याच्या डोक्यावर पिवळी अक्षरं उमटली. त्याचा अर्थ असा, की आपला पासवर्ड लिहिला तर हा खेळ तो लपवतो आणि त्याच्या जागी चांदण्या दाखवतो. हे बघा माझा! आणि खरंच, खाली सात चांदण्या. केवढं नवल! मीही माझा पासवर्ड टाइप केला. एंटरवर बोट ठेवणार, इतक्यात मला एकट्याला एक निरोप आला. एकच शब्द.

‘डोंट.’

पलीकडच्या झाडाखाली बसलेल्या एका खेळाडूने तो पाठवला होता. त्याने पुढे समजावलं, की त्या माणसाने चांदण्या स्वतःच्या हाताने टाइप केल्यात. मी बॅकस्पेस दाबत दाबत सगळी अक्षरं पुसली. हात कापत होते. पुढचं वर्षभर मी ज्याच्याबरोबर खेळलो तो हाच. तो सांगायचा, मी फिनलंडचा. खरं नाव मी विचारलं नाही, त्यानेही माझं विचारलं नाही. आईबाबांनो, आज तुम्ही मुलांना जो नियम घालून देता तो आम्ही न सांगता पाळत होतो. शहाणपणाने नव्हे, सुचलंच नाही म्हणून.

फिनलंड कुठे आहे हे मी नकाशात शोधलं ते एका संध्याकाळमुळे. डिसेंबर होता. आमच्याकडे साडेसहा वाजले होते. तो म्हणाला, त्याच्याकडे तीन वाजलेत आणि बाहेर अंधार पडतोय. मी म्हटलं, थापा मारतोय. दुपारी तीनला अंधार? दुसऱ्या दिवशी भूगोलाच्या बाईंना विचारलं. त्यांनी पृथ्वीचा गोल काढला, एका मुलाच्या हातात बॅटरी दिली, आणि पूर्ण तास त्यातच गेला. फिनलंडवाल्याला मात्र आमच्याकडचा एक शब्द फार आवडला होता. मधेच मी नाहीसा झालो की दुसऱ्या दिवशी कारण सांगायचो, तो शब्द. लोडशेडिंग. इंग्रजी तर इंग्रजी, पण त्याने तो कधी ऐकलाच नव्हता.

जानेवारी २००५ मध्ये तो ड्रॅगन मारून आला. तो मारल्याशिवाय रून धातूचं छातीचं मोठं चिलखत अंगावर चढवता येत नसे. त्याने ते घेतलं, पैसे भरायच्या मुलखाची वर्गणीही घेतली, आणि त्याची जुनी निळसर चिलखतं मला दिली. शिरस्त्राण, साखळीचं चिलखत, पायांचं, ढाल आणि वाकडी तलवार, रून स्किमिटार. पाच वस्तू. ‘लागतील तेव्हा मागेन’ एवढंच म्हणाला. दोन-तीन लाख नाण्यांचा ऐवज. माझ्याकडे तेव्हा ९०० होती. ना पावती, ना साक्षीदार. मी ते अंगावर घालून वॅरॉकच्या बाजारातून उगाचच तीन वेळा इकडून तिकडे चालत गेलो.

आणि मार्चमध्ये मी ते हरवलं.

वॅरॉकच्या पश्चिमेला एका झोपडीत पितळी किल्लीने उघडणारं दार होतं, खाली भुयार आणि भुयारात दांडगे राक्षस. मी लढत होतो. जीव थोडा उरला होता, मासा खाऊन तो भरून काढणार, तोच वीज गेली. काकांकडे इन्व्हर्टर होता, पण त्यावर त्यांची ट्यूब आणि त्यांचाच कॉम्प्युटर. खोलीत अंधार, आणि मी चपला घालत उभा. पण दोस्तांनो, तिकडे खेळातला मी तर भुयारातच उभा होतो ना! लढाईत असताना कनेक्शन तुटलं की माणूस लगेच नाहीसा होत नसे. वीज आली दोन तासांनी. लॉगिन केलं तर मी लंब्रिजच्या अंगणात. मेलो होतो.

मेल्यावर अंगावरच्या सर्वांत महागड्या तीन वस्तू आपल्याजवळ राहत, बाकीच्या जमिनीवर पडत आणि काही मिनिटांनी ज्याच्या नजरेस पडतील त्याच्या होत. माझ्याजवळ साखळी, पायांचं आणि ढाल उरली. शिरस्त्राण आणि तलवार गेली.

यात माझी चूक नव्हती हे तुम्हीही म्हणाल. पुढे मी जे केलं त्यात मात्र होती. वार्षिक परीक्षा झाली, एप्रिल आला. त्याने सहज विचारलं, ‘माझं रून आहे ना अजून?’ मी लिहिलं, ‘हो. बँकेत.’ चार दिवसांनी तो म्हणाला, मला ते विकायचंय, आणतोस का? मी पडद्याकडे बघत बसलो. आणि उत्तर न देता खिडकी बंद केली. दहा रुपयांतली वीस मिनिटं शिल्लक होती, तरी घरी आलो.

दुसऱ्या दिवशी लॉगिन करताच त्याचा निरोप आला. ‘लोडशेडिंग?’

मी लिहिलं, ‘हो.’

त्या दिवशी कराडला दिवसभर वीज होती.

तिथून पुढे मी काय केलं, तर निरोपाचं बटण बंद करून ठेवलं. ते बंद केलं की मित्रांच्या यादीत आपलं नाव लाल दिसे, म्हणजे तो माणूस आलेलाच नाही. तो हिरवा दिसायचा, मी त्याला लाल. आणि मी शेवंडी पकडायला लागलो. लॉबस्टर म्हणजे आपली शेवंड. मी जन्मात पाहिली नव्हती, कोकणातल्या एका मित्राने नाव सांगितलं. हरवलेल्या दोन वस्तूंना मिळून ६०,००० च्या आसपास पडत होते. मला एका शेवंडीला १५० मिळत. म्हणजे ४०० शेवंडी. पिशवीत जागा २८, त्यातली एक पिंजऱ्याला, एक नाण्यांना, उरल्या २६. चारशेला सव्वीसने भागा. सोळा फेऱ्या.

एक फेरी अशी. पोर्ट सरिमच्या धक्क्यावर ३० नाणी देऊन जहाजात बसायचं, करम्जा बेटावर उतरायचं, पिंजरा टाकायचा, आणि बघत बसायचं. तिकडे बँक नाही. पिशवी भरली की पुन्हा ३० नाणी, पुन्हा जहाज, मग चालत ड्रेनॉरची बँक. पोर्ट सरिमला एक धून वाजायची, सी शँटी टू नावाची, अशी उड्या मारणारी. बाकी जगाला ती फार आवडते म्हणे. मला ती ऐकली की अजून पोटात खड्डा पडतो. आमचं नेट हळू, म्हणून एका फेरीला अख्खा अर्धा तास. सोळा फेऱ्या, सोळा दिवस, एकशेसाठ रुपये. मे महिन्याची सुट्टी, सगळी पोरं कृष्णेत डुंबायला जात होती. खाऊचे पैसे संपल्यावर मी गल्लीतल्या दोन घरांची दळणं आणून दिली. होय, दळणंच!

जूनच्या पहिल्या आठवड्यात वॅरॉकच्या बँकेसमोर उभं राहून, ‘शिरस्त्राण हवंय, स्किमिटार हवी’ असं ओरडून मी दोन्ही विकत घेतल्या. मग निरोपाचं बटण चालू केलं. दोन मिनिटांत त्याचा ‘हाय’ आला.

देवाणघेवाणीची खिडकी उघडली. पाच वस्तू ठेवल्या. दुसऱ्या खिडकीने विचारलं, नक्की ना? दोघांनी होय म्हटलं. तो म्हणाला, ‘थँक्स.’ झालं, काम संपलं होतं! गप्प बसलो असतो तर त्याला जन्मात कळलं नसतं. वस्तू काय, सगळ्या सारख्याच. का कुणास ठाऊक, मी लिहायला लागलो. एका वेळी ऐंशी अक्षरं मावायची, आणि माझं इंग्रजी म्हणजे काय सांगावं. वीज, भुयार, खोटं, बटण, शेवंडी, असे सात-आठ तुकडे पाठवले. मग काही उत्तरच येईना. काकांनी तिकडून ‘चार मिनिटं’ म्हणून आवाज दिला.

मग उमटलं, ‘१६ ट्रिप्स?’

‘येस.’

पुन्हा थोडा वेळ काही नाही. आणि मग, ‘वी कुड हॅव डन ८ इच.’

म्हणजे आठ-आठ करून दोघांनी मारल्या असत्या की.

मी काकांकडे धावलो, उधारीवर अजून अर्धा तास घेतला. ती उधारी आईला कळली आणि जे व्हायचं ते झालं, पण ते सोडा. आम्ही दोघं ड्रेनॉरच्या विलोखाली जाऊन कोळंबी धरत बसलो. फायदा शून्य. तो म्हणाला, हल्ली त्याच्याकडे रात्री अकरालाही उजेड असतो. या वेळी मी थाप समजलो नाही. बॅटरी आणि पृथ्वीचा गोल आठवला.

पुढे दहावी आली. माझे अर्धे तास कमी झाले, त्याचं नाव जास्तजास्त लाल दिसायला लागलं, आणि एक दिवस आला तसा गेला की मी बघायचंच विसरलो.

खेळही बदलत गेला. खेळातली नाणी खऱ्या पैशांना विकणारे इतके माजले की जानेवारी २००८ पासून कंपनीने देवाणघेवाणीवर बंधन घातलं. जेवढ्याचं द्याल साधारण तेवढ्याचंच घ्यायचं. फसवणारे गार पडले, खरंच. पण मोकळ्या हाताने कुणी कुणाला पाच वस्तू द्यायची सोयही गेली. माझ्या फिनलंडवाल्याला त्या वर्षी मला नुसती ढालसुद्धा देता आली नसती. लोक इतके कुरकुरले, की शेवटी मतदान घेतलं, दहा लाखांहून जास्त मतं पडली, आणि १ फेब्रुवारी २०११ ला ते बंधन उठलं. मग २०१३ साली तर गंमतच झाली. कंपनीकडे ऑगस्ट २००७ च्या खेळाची एक जुनी प्रत जपून ठेवलेली निघाली. ती पुन्हा सुरू करू का, असं विचारल्यावर साडेचार लाखांच्या आसपास लोकांनी हो म्हटलं. २२ फेब्रुवारी २०१३ ला ‘ओल्ड स्कूल रूनस्केप’ उघडलं.

मी पहिल्याच आठवड्यात गेलो. तोच आचारी, तीच पवनचक्की, करपलेली कोळंबी तेवढीच काळी. सगळे पुन्हा पहिल्या पातळीपासून. पण इकडे कुणी पीठ कुठे मिळतं म्हणून विचारत नव्हतं. सगळ्यांना सगळं पाठ. कुठल्या झाडाला किती गुण, कुठली फेरी किती सेकंदांची, याचे तक्ते घेऊन माणसं पळत होती. मीही पळत होतो, खोटं कशाला बोलू. मित्रांची यादी नवी, म्हणजे रिकामी. विलोखाली थोडा वेळ उभा राहिलो आणि बंद केलं.

२०१८ पासून तोच खेळ फोनवर आला. परवा ताई माहेरपणाला आली होती, तेव्हा भाच्याच्या फोनमधून ओळखीची धून आली, आणि माझ्या पोटात नेहमीचा खड्डा. पठ्ठ्या करम्ज्याला निघाला होता. मी शेजारी जाऊन बसलो. थोडा वेळ शहाणपणा शिकवला, त्याने तो ऐकून न ऐकल्यासारखा केला. मग तो मधेच थांबला.

‘मामा, हा एक जण म्हणतोय, पैसे दे, दुप्पट करून देतो. देऊ?’

‘तुझ्याकडे किती आहेत?’

‘तीन हजार.’

तोंडाशी आलेला शब्द मी गिळला. म्हटलं, ‘पाचशे देऊन बघ.’

पाचशेचे हजार आले. गडी खूश! माझ्याकडे अशा नजरेने बघितलं, की मामा, तुला काय कळतंय. मी चहा आणायला आत गेलो. कप हातात घेतो न घेतो तोच बाहेरून किंकाळी ऐकू आली. आजी, म्हणजे माझी आई, देवापुढची वात सोडून धावली, ‘काय झालं रे, विंचू चावला का?’